‘अपडेट बंद करून ठेवायला काय जातं?’ या तक्रारीला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

खानापूरच्या (बेळगाव जिल्हा, कर्नाटक) आमच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानाबद्दलचा तुमचा अभिप्राय काल रात्री शटर ओढायच्या आधी वाचला, आज सकाळी परत वाचला. मुलाचा प्रवेशाचा फॉर्म तिसऱ्या पानावर असताना ब्राउझर आपोआप अपडेट झाला, भरलेलं सगळं गेलं, दोन तास मोडले, दुसऱ्यांदा भरायचेही पैसे घेतले आणि जांबोटीकडची बस चुकली, असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या खेपेला आलात तर ओळखीचा ब्राउझर जाऊन दुसराच आलेला आणि त्यात तुमचा पासवर्डही नाही. अपडेट बंद करून ठेवायला काय जातं, असं शेवटी विचारलंय. एक तारा दिलाय.

पैशाचं आधी सांगतो. दुसऱ्यांदा पैसे घ्यायला नको होते. ते तुमच्या नावानं पाकिटात घालून गल्ल्यात ठेवलेत, कधीही येऊन घेऊन जा.

आता त्या दिवशी काय झालं ते. ब्राउझर आपोआप बंद झाला नव्हता, ताई. अपडेट मागच्या मागं उतरून तयार राहतं, ते लागू व्हायला ब्राउझर एकदा बंद करून उघडावा लागतो आणि त्यासाठी वरच्या कोपऱ्यात एक बटण येतं. पान अडकलं म्हणून आमच्या पोरानं ते दाबलं. साधी विंडो असती तर निदान टॅब तरी परत आले असते. पण गिऱ्हाइकाची माहिती मशीनवर राहू नये म्हणून आम्ही फॉर्म खाजगी विंडोत भरतो, आणि ती एकदा मिटली की परत येत नाही. ओटीपी टाकून उघडलेलं खातं, कास्ट-इन्कमचा आरडी नंबर (जात-उत्पन्न दाखल्यावरचा नंबर), ठरलेल्या केबीत बसवलेला फोटो, सही, सगळं गेलं. “ओ दादा, कुठं गेलं ओ सगळं?” असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी झेरॉक्सजवळ उभा होतो. “सर्वर डाऊन हाय” म्हणालो. ते खरं नव्हतं. गर्दीत लवकर सुटावं म्हणून बोललो. त्याबद्दल मी तुमची आणि तुमच्या मुलाची माफी मागतो.

फॉर्म कशाचा होता ते इथं लिहीत नाही, ती तुमची खाजगी गोष्ट. पण जून-जुलैत खानापूरच्या दुकानात काय चालतं ते वाचणाऱ्यांना कळायला हवं. आपली पोरं दोन राज्यांचे फॉर्म भरतात. इकडं कर्नाटकची सीईटी, तिकडं महाराष्ट्राची. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या इकडच्या सीमाभागातल्या 865 गावांतल्या मुलांसाठी तिकडच्या प्रवेशात वेगळी तरतूद आहे, म्हणून त्याचा दाखला वेगळा जोडायचा. एका पोर्टलवर वडिलांचं नाव एका तऱ्हेनं, दुसऱ्यावर दुसऱ्या. बाहेर पाऊस, मधेच लाईट जाते, आणि रानातल्या गावांकडं जाणाऱ्या गाड्या मोजक्या. अशात तिसरं पान उडालं की काय होतं, हे मला तुमच्याइतकंच कळतं. म्हणूनच ते बटण दाबलं जाणं मला इतकं लागलं.

तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. अपडेट बंद का ठेवत नाही? आमच्याकडं विंडोज 7 ची दोन जुनी मशीन आहेत, त्यांवर ते आपसूकच बंद झालं. विंडोज 7 चं सुरक्षेचं काम जानेवारी 2020 मध्ये संपलं, आणि क्रोम ब्राउझरची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती 109. फेब्रुवारी 2023 पासून पुढची तिथं बसत नाही. वर्षभर मलाही बरं वाटलं, कटकट नाही, बटण नाही. मग पोर्टल उघडेनाशी झाली. त्याहून वाईट म्हणजे सुरक्षेतली सापडलेली भोकं त्या ब्राउझरात तशीच उघडी राहतात. त्याच मशीनवर दिवसभर लोक आधार टाकतात, बँकेचा ओटीपी टाकतात. तुमच्या खात्यातले पैसे गेले तर मी काय तोंड दाखवू? त्या दोन मशीनवर आता फक्त प्रिंट आणि टायपिंग होतं, नेट नाही.

अपडेट हवंच. पण ते गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असताना नको, आणि दर महिन्याला बटणं जागा बदलतील असंही नको. माझी अडचण एवढीच होती.

दुसरे ब्राउझर बरेच बघितले. ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा, एज, नावं चार, पण आतलं इंजिन, म्हणजे पान वाचून दाखवणारा गाभा, क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमचंच. ऑपेरानं स्वतःचं इंजिन 2013 मध्ये सोडलं, एजनं 2020 मध्ये. वापरायला चांगले आहेत, पण त्यांचीही नवी आवृत्ती वरचेवर येतच राहते. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं आहे. तोही बदलतो, खोटं सांगत नाही. 2017 च्या नोव्हेंबरात 57 वी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीची ॲड-ऑन (ब्राउझरला जोडायच्या जादा सोयी) चालेनाशी झाली. पण त्याची ईएसआर नावाची एक वेगळी शाखा आहे. तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर येतात, पण रूप आणि सोयी साधारण वर्षभर तशाच राहतात.

ही शाखा मला आधीच माहीत होती. टेंडर भरायला येणारे कंत्राटदार पूर्वी यूएसबीतली डिजिटल सही जावाच्या प्लगइनवरून, म्हणजे ब्राउझरात वेगळं बसवायच्या एका जोडावरून, करायचे. ते प्लगइन असुरक्षित होतं, म्हणून 2015 च्या सप्टेंबरात क्रोमनं अशी प्लगइन चालवायची पद्धतच काढली आणि मार्च 2017 मध्ये फायरफॉक्सनंही काढली. ईएसआरच्या 52 व्या आवृत्तीत मात्र ती 2018 पर्यंत चालली आणि तेवढ्या मुदतीत नव्या पद्धतीच्या सह्या आल्या. त्या वर्षात आमचं एकही टेंडर अडलं नाही. तेव्हापासून या शाखेवर माझा जीव आहे.

म्हणून चारही फॉर्मच्या मशीनवर आता ईएसआर आहे. त्यात ‘अपडेट आलंय का बघ, पण विचारून बसव’ अशी साधी सेटिंग मिळते. सकाळी दुकान झाडून झालं की मी स्वतः चारही मशीन बघतो, अपडेट असेल तर बसवतो, आणि मगच पहिलं गिऱ्हाईक घेतो. दिवसा त्याला कुणी हात लावायचा नाही, हे पोरालाही सांगितलंय. काही पोर्टल एजशिवाय चालत नाहीत, त्यांच्यासाठी तोही ठेवलाय. बटणं वेगळी दिसतात हे खरं. दोन-तीन खेपांत हात बसेल, तोवर आम्ही शेजारी उभे राहू. पडद्यावरच्या सूचना मराठीत हव्या असतील तर मराठीत, कन्नडमध्ये हव्या असतील तर कन्नडमध्ये करून देतो.

पासवर्डबद्दल मात्र मी मागं हटणार नाही. खाजगी विंडो वापरायला लागायच्या आधी सेव्ह झालेला तो आमच्या मशीनवर तसाच राहिला, ही तुम्हाला सोय वाटली. ती आमची चूक होती. दिवसाला पन्नास माणसं बसतात त्या मशीनवर कुणाचाच पासवर्ड राहू नये. आता ब्राउझर मिटला की सगळं पुसलं जातं. पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा आणि वही कपाटात ठेवा. विसरला असेल तर मोबाईलवर ओटीपी मागवून नवा करून देऊ, त्याचे पैसे नाहीत.

आणखी एक. आता प्रत्येक पान भरलं की ‘सेव्ह’ करून अर्जाचा नंबर कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. लाईट गेली तरी तिथून पुढं चालू करता येतं.

दुसऱ्या फेरीसाठी कॉलेजांची यादी भरायची असेल तर मुलाला घेऊन सकाळी दहाच्या आत या. खिडकीजवळचं मशीन तुमच्यासाठी रिकामं ठेवतो आणि फॉर्म मी स्वतः बसून भरून देतो.