काउबॉय रँचचा मालक नसतो

"अमेरिकेत गुराख्याला काउबॉय म्हणतात. तो हजारो एकरांचा मालक असतो. हा धंदा गोऱ्यांनी शोधला, म्हणून ते श्रीमंत. आपण मात्र गुराख्याला हिणवतो!" पिस्तूलवाल्या फोटोसकट हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर फिरतोय. भाच्याने तो शाळेतल्या भाषणासाठी वहीत उतरवून घेतला, तेव्हा मात्र राहवेना.

रँच म्हणजे गुरं पाळण्याचं मोठं कुरण; त्याचा मालक तो रँचर किंवा कॅटलमन. काउबॉय, काउहँड, काउपंचर हे सगळे पगारी गडी, आणि त्यांच्या डोक्यावर रेंज बॉस, म्हणजे मुकादम. १८८३ साली टेक्ससच्या पॅनहँडल भागात या काउबॉयांनी चक्क संप केला होता. टेक्सस स्टेट हिस्टॉरिकल असोसिएशनच्या इतिहासकोशात त्याची नोंद आहे, कुणीही वाचावी. मागणी होती महिना ५० डॉलरची. हातात पडत २५ ते ४०. त्याआधी गड्यांना पगारापोटी वासरं घेऊन मालकाच्याच कुरणात स्वतःची चार जनावरं वाढवता येत. बाहेरच्या बड्या कंपन्यांच्या हाती रँच गेल्यावर ही सवलत बंद झाली. गड्याला मालक होण्याची जी वाट होती, तीच बुजवली. काही महिन्यांत संपही मोडला. ज्यांना महिन्याला दहा डॉलर वाढवून मिळाले नाहीत, त्यांना जमीनदार ठरवताय?

गुराख्याला हिणवू नये, हे कबूल. काही काउबॉय पुढे मालक झाले, हेही कबूल. चार्ल्स गुडनाइट झालाच. पण १८७७ मध्ये त्याच्या जेए रँचला भांडवल घातलं जॉन अडेअर नावाच्या धनिकाने.

आता 'गोऱ्यांनी शोधला' याबद्दल. टेक्ससमध्ये अमेरिकन वस्ती होण्याच्या कितीतरी आधीपासून मेक्सिकोतले वाकेरो घोड्यावरून गुरं वळत होते. रँच, लासो (फासाची दोरी), रोडिओ (गुराख्यांच्या कसरतींची स्पर्धा) हे शब्द स्पॅनिशमधूनच आले. 'बकरू' हा तर 'वाकेरो'चाच अपभ्रंश. हवाईत वाकेरोंनी शिकवलेल्या गुराख्यांना पानिओलो म्हणतात, आणि त्यांच्यातल्याच इकुआ पर्डीने १९०८ मध्ये अमेरिकेतल्या शायेन शहरातली दोरफेकीची स्पर्धा जिंकली. टेक्ससच्या काउबॉयांत गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीयही पुष्कळ होते. नॅट लव्ह त्यांपैकीच.

राहता राहिलं पिस्तूल. गुरांच्या बाजारासाठी गाजलेल्या डॉज सिटीत १८७० च्या दशकातच गावात हत्यार बाळगायला बंदी होती.