नाव न घेतल्याचा गुन्हा

जून २०२५ पासून एक मजकूर कोल्हापूरच्या व्हॉट्सअॅप गटांवर थोडेफार कपडे बदलून फिरतो आहे. आमच्या राजारामपुरीतल्या इमारतीच्या गटावर तो आतापर्यंत तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा त्याला नमस्काराचे हात मिळाले. मजकूर थोडक्यात असा : प्राडा या इटालियन कंपनीने आपली कोल्हापुरी चप्पल चोरली, चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन असल्यामुळे ही चोरी कायद्याने गुन्हा ठरते, चोरलेला जोड सव्वा लाखाला विकून कंपनीने कोट्यवधी कमावले, ही चप्पल बाराव्या शतकापासून फक्त कोल्हापुरातच होते, न्यायालयाने मात्र परदेशी कंपनीला पाठीशी घातले, तरीही आपल्या दणक्याने कंपनी झुकली आणि आता आपल्या कारागिराला जोडामागे ऐंशी हजार रुपये मिळणार. शेवटची ओळ, ‘खरे कोल्हापूरकर असाल तर पुढे पाठवा.’ माझा जन्म शुक्रवार पेठेतला आहे आणि मी तो पुढे पाठवलेला नाही. कारण त्यातले प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे लंगडते, आणि प्रत्येक वाक्य वेगळ्या पायाने लंगडते.

मजकुरात खरे आहे तेवढे आधी मान्य करते. २२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये प्राडाने पुरुषांच्या कपड्यांचा जो फॅशन शो केला, त्यात मॉडेलांच्या पायांत अंगठ्याची, कानांची, सपाट तळव्याची चप्पल होती. ती पाहून कोल्हापुरातल्या शाळकरी मुलानेही तिचे नाव सांगितले असते. कंपनीने मात्र तिला नुसते चामड्याचे सँडल म्हटले. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिल्यावर, जून संपायच्या आत, ही रचना भारतातल्या पारंपरिक हस्तनिर्मित पादत्राणांवरून सुचल्याचे कंपनीने कबूल केले. विचारल्याशिवाय न सांगणे हा उर्मटपणा होता आणि त्याचा राग येणे रास्तच होते. परंतु उर्मटपणा आणि गुन्हा यांत फरक असतो, आणि मजकुराचा सगळा डोलारा या दोहोंची गल्लत करून उभा आहे.

भौगोलिक मानांकनाचा आपल्याकडचा कायदा १९९९ चा. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. या कायद्याने जे राखले जाते ते मुख्यतः नाव. विशिष्ट प्रदेशात, विशिष्ट पद्धतीने तयार झालेल्या मालाचे नाव दुसऱ्याने दुसरीकडच्या मालाला लावून गिऱ्हाइकाची फसवणूक करू नये, एवढा त्याचा गाभा आहे. चपलेचा आकार, वेणीचा घाट, कानांची ठेवण यांवर त्यातून मक्तेदारी मिळत नाही. रचनेसाठी वेगळा कायदा आहे, २००० चा, पण त्यात संरक्षण फार तर पंधरा वर्षांचे आणि तेही पूर्वी प्रसिद्ध न झालेल्या, नव्या रचनेला. आपल्या पणजोबांच्या पायांत होती ती चप्पल आज नवी रचना म्हणून नोंदवता येत नाही. जुनेपणा हा आपल्या अभिमानाचा विषय असला तरी त्या कायद्यापुढे तोच आडवा येतो. शिवाय जीआयची नोंद देशापुरती असते. भारतातल्या नोंदीने इटलीत आपोआप हक्क मिळत नाही. युरोपीय संघात तर हस्तकलेच्या वस्तूंना असे संरक्षण देणारी समाईक व्यवस्थाच १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाली, म्हणजे मिलानच्या शोनंतर पाच महिन्यांहून अधिक काळाने.

आता यातली गंमत पाहावी. आपली तक्रार काय होती? त्यांनी ‘कोल्हापुरी’ हे नाव घेतले नाही, ही. आणि कायदा पकडतो कोणाला? ज्याने ते नाव घ्यायला नको असताना घेतले, त्याला. प्राडाने इटलीत बनवलेल्या चपलेवर ‘कोल्हापुरी’ असे छापून ती भारतात विकायला आणली असती, तर आपली बाजू भक्कम झाली असती. नाव न घेतल्याबद्दल आपण आरोपी शोधत मिलानपर्यंत गेलो. नाव घेऊन फसवणारे मात्र अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या कोणाही परगावच्या माणसाला महाद्वार रोडवर चार पावलांत भेटतात. रेक्झिनचे पट्टे, आत फोम, खाली रबराचा तळ, वर सोनेरी गोंडा, किंमत दोन-अडीचशे आणि हाळी ‘ओरिजनल कोल्हापुरी’. मानांकनाचा कायदा जर कुठे रोज मोडत असेल, तर तो इथे, आपल्या डोळ्यांदेखत मोडतो, आणि त्यात शिक्षेचीही तरतूद आहे. आमच्या गटावर मजकूर टाकणारे काका संध्याकाळी जिन्यात भेटले, तेव्हा माझी नजर नकळत त्यांच्या पायांकडे गेली. पुढचे सांगत नाही. काका शेजारी आहेत.

सव्वा लाखाचा दावा थोडक्यात निकालात काढता येतो. शोमधला प्रत्येक जोड दुकानात येतोच असे नाही. पुष्कळ गोष्टी त्या मंचापुरत्याच राहतात. चेंबरला दिलेल्या उत्तरात कंपनीने स्पष्ट लिहिले होते, की या चपला अजून आराखड्याच्या पातळीवर आहेत आणि त्यांचे उत्पादन किंवा विक्री करायची हे ठरलेले नाही. म्हणजे मजकूर ज्या काळात ‘कोट्यवधी कमावले’ म्हणत होता, त्या काळात एकही जोड विकायला ठेवलेला नव्हता. न विकलेल्या मालाचा नफा फक्त व्हॉट्सअॅपच मोजू शकते.

‘बाराव्या शतकापासून फक्त कोल्हापुरात’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकते, कारण ते स्वतःलाच खोडते. चपलेचे मूळ बाराव्या शतकात नेणारी जी परंपरा सांगितली जाते, ती राजा बिज्जळ आणि त्याचा मंत्री बसवण्णा यांच्या काळाशी जोडलेली आहे, आणि त्यांची राजधानी कल्याण म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. बसवण्णांसाठी स्वतःच्या कातड्याचे जोडे शिवणाऱ्या हरळय्या आणि त्यांच्या पत्नीची शरणकथाही (शरण म्हणजे बसवण्णांचे अनुयायी) तिथलीच. बारावे शतक हवे असेल तर कर्नाटक घ्यावे लागते. मानांकनाच्या कागदावरही तसेच आहे. २०१९ मध्ये मिळालेला जीआय एकट्या कोल्हापूरचा नसून आठ जिल्ह्यांचा आहे : इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. नोंदणीकृत मालक दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे आहेत, महाराष्ट्राचे लिडकॉम आणि कर्नाटकाचे लिडकर. कर्नाटकातल्या अथणीचा जोड पायांत घालून सीमाप्रश्नावर बोलणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. ज्याला आपण ‘कापशी’ म्हणतो तो घाट मात्र कागल तालुक्यातल्या कापशीचे नाव मिरवतो, आणि तेवढा अभिमान कोल्हापूर जिल्ह्याने जरूर बाळगावा.

याच वाक्यातला ‘आपली’ हा शब्दही तपासून घेण्यासारखा आहे. कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवणारे ढोर समाजाचे हात आणि ते कापून शिवणारे चर्मकारांचे हात, यांनी ही चप्पल घडवली. बाकीच्या गावाने ती घातली. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण याच भाषेत, याच मुलखात रुळली आणि ती चपलेविषयी नव्हती, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मिलानच्या मंचावर चप्पल दिसताच ती एका रात्रीत सगळ्यांची संस्कृती झाली, आणि मजकुरात ‘महाराष्ट्राची अस्मिता’ दोनदा आली. चर्मकार हा शब्द एकदाही नाही. प्राडाने श्रेय दिले नाही म्हणून संतापलेल्या मजकुराने स्वतःही ते दिलेले नाही.

न्यायालयाविषयीचा दावा एका परिच्छेदापुरताच आहे. मुंबई उच्च न्यायालयात काही वकिलांनी जनहित याचिका केली होती. जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. कारण कंपनी निर्दोष आहे असे नव्हते. मानांकनाचा नोंदणीकृत मालक स्वतः न्यायालयात येऊ शकतो, मग त्रयस्थ माणसांनी त्याच्या वतीने का यावे, असा मुद्दा होता. चोरी झाली की नाही, यावर निकाल झालाच नाही. शेजाऱ्याच्या जमिनीचा दावा आपण आपल्या नावाने लावला तर दिवाणी कोर्टातला कारकूनही हेच विचारेल.

राहिला शेवटचा दावा, आणि तोच सर्वांत गोड आहे. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडा, लिडकॉम आणि लिडकर यांच्यात मुंबईत करार झाला, हे खरे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून मर्यादित दोन हजार जोड करून घ्यायचे, जगभरातल्या चाळीस दुकानांत ते ठेवायचे आणि किंमत सुमारे आठशे युरो, असे जाहीर झाले. आठशे युरो म्हणजे त्या वेळच्या भावाने ऐंशी हजारांहून अधिक रुपये. पण ही दुकानातली किंमत आहे, मजुरी नव्हे. दोन हजार जोड आठशेने विकले तर एकूण विक्री सोळा लाख युरो होते, साधारण सोळा-सतरा कोटी रुपये, आणि त्यातून दुकान, वाहतूक, कर आणि कंपनीचा नफा वजा व्हायचा असतो. आणि आठ जिल्ह्यांत मिळून दोन हजार जोड! सणासुदीच्या आधी कोल्हापुरातल्या चप्पल लाईनमध्ये, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या रांगेत, एक फेरी मारली, तरी त्या आकड्याचा आवाका ध्यानात येतो. कारागिरांच्या प्रशिक्षणाचाही त्या करारात भाग आहे आणि त्याचे मी स्वागतच करते. पण त्याने ‘जोडामागे ऐंशी हजार’ खरे होत नाही.

हा करार जाहीर झाल्यानंतरच्या आठवड्यात मी सुभाषनगरमध्ये एका घरी चप्पल मापाला टाकायला गेले होते. पुढच्या खोलीत घरधनी कातड्याचा तुकडा पाण्यात भिजवून दगडावर ठोकत होते. रापीने त्यांनी तळव्याचा आकार एका ओढीत कापला, रेघ न आखता. दाराशी उजेडात त्यांच्या पत्नी कातड्याच्या बारीक वाद्यांची वेणी घालत होत्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून, आणि वेणी वीतभर झाली की अंगठा न सोडताच ती पुढे सरकवत होत्या. कोपऱ्यात तयार जोड एकावर एक रचलेले होते. करकर वाजायला हवी असेल तर आवाजासाठी घालतात तो ‘विंचू’ बसवू का, असे त्यांनी विचारले. ऑफिसात तो आवाज परवडणार नाही, म्हणून मी नको म्हटले. मापाचा कागद घडी घालून ठेवताना मी प्राडाच्या कराराचा विषय काढला आणि फोनवरचा तो मजकूर त्यांना वाचून दाखवला. चोरी, अस्मिता, सव्वा लाख हे सगळे त्यांनी मान न वर करता ऐकून घेतले. ऐंशी हजारांवर वेणीचे हात थांबले.

“ताई, ते दुकानातलं झालं,” त्या म्हणाल्या. “जोडामागं मजुरी किती, त्येवढं बघा त्यात कुठं लिवलंय का.”

मी मजकूर पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात शतक होते, लाख होते, कोटी होते, मजुरी नव्हती. तसे सांगितल्यावर त्यांनी वेणीचे टोक परत अंगठ्यात धरले आणि माझा जोड शुक्रवारी मिळेल म्हणून सांगितले.