घड्याळातल्या कॅलरी अन् तर्री पोहे
तासभर फिरलं की ५०० कॅलरी जातात असं काही जण सांगतात, हे काही पटलं नाही बाप्पा. माझं वजन ७० किलो, रोज सकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर तासभर चालतो, ताशी ५ किमी धरा, तर साधारण २४० होतात अन् त्यातल्या ७० तर मी घरी नुसता खुर्चीत बसून राहिलो असतो तरी गेल्याच असत्या. हातातलं घड्याळ मात्र ३८० दाखवून राहिलं, अन् त्याच्या भरवशावर परत येताना आपले तर्री पोहे, वरून चणे, चिवडा, कधी एक समोसा पण!! दोन महिन्यांत दीड किलो वाढलो, बायको हसून राहिली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठवाल्यांनी २०१७ मध्ये असे सात मनगटी बँड तपासले होते, नाडीचे ठोके सहांचे ठीक निघाले पण कॅलरीत सगळ्यात बरं होतं तेही २७ टक्के चुकत होतं. अन् मे महिन्यात ४५ डिग्रीत शर्ट पिळून निघतो म्हणजे चरबी जळाली असं नाही भाऊ, ते पाणी आहे, दोन ग्लास मठ्ठा पिला की वजनाचा काटा जिथल्या तिथं. मी आता घड्याळ फक्त वेळ पाहायला घालतो. समोसा बंद केला, तर्री नाही सुटत.