परवानगी काढायची होती, बंदी घालायची नव्हती

काल रात्री अकराला मावसभावाचा मेसेज आला, "दादा, हे चालवू ना?" सोबत तोच फॉरवर्ड, जो मला आधी दोन ग्रुपांवर येऊन गेला होता आणि मी वाचून सोडून दिला होता. विंडोज सर्व्हरवरच्या कितीही फोल्डरांवरून एखाद्या यूझर ग्रुपची परवानगी पाच ओळींत काढा, म्हणे. आधी टेकओन ही कमांड चालवून सगळ्याची मालकी घ्या, मग वरच्या फोल्डरवर आयकॅकल्स या परवानग्या बदलायच्या कमांडनं त्या ग्रुपला डिनाय, म्हणजे बंदी, लावा म्हणजे खाली आपोआप उतरेल, चुका दिसू नयेत म्हणून /सी आणि /क्यू जोडा, सर्व्हर रीस्टार्ट करा, आणि बिघडलंच तर /रीसेट आहेच. उदाहरणात ग्रुप कोणता घेतलाय? यूझर्स! आणि आमचे बंधुराज एंटरवर बोट ठेवून बसलेले.

सगळ्यात आधी तो डिनाय. परवानगी काढणं आणि बंदी घालणं ही दोन वेगळी कामं आहेत. कंत्राटी लोकांच्या ग्रुपला दिलेली परवानगी काढली, तर त्यांपैकी जो माणूस हिशेबाच्या ग्रुपमध्येही आहे, त्याला तिथून मिळालेला हक्क शाबूत राहतो. डिनाय लावला की तोही बाहेर. आणि यूझर्सला डिनाय लावलात तर तुम्हीही बाहेर, कारण लॉगिन केलेला जवळपास प्रत्येक जण त्या ग्रुपमध्ये मोडतो, ॲडमिनसुद्धा. मालकाला परवानग्या बदलता येतात, म्हणून बंदी काढणारं /रिमूव्ह:डी चालवून परत आत येता येतं, पण तोवर फोन वाजायला लागलेले असतात.

बरं, एवढं करून ज्याला बाहेर काढायचं तो तरी बाहेर जातो का? मायक्रोसॉफ्टच्या आयकॅकल्सच्या पानावरच क्रम दिलाय: आधी थेट लावलेली बंदी, मग थेट दिलेली परवानगी, मग वरून उतरलेली बंदी, शेवटी वरून उतरलेली परवानगी. म्हणजे आतल्या एखाद्या फोल्डरवर कुणी कधीकाळी त्या ग्रुपला थेट परवानगी देऊन ठेवली असेल, तर वरून उतरलेला तुमचा डिनाय तिच्यापुढे हरतो. विसरलेली जुनी परवानगी बंद करायला निघालात आणि नेमकी तीच उघडी राहिली. त्याच पानावर असंही आहे की /डिनाय लावताना त्याच नावाची तीच थेट परवानगी पुसली जाते. उद्या बंदी उठवलीत तरी ती परत येत नाही. हा उपाय ज्यानं लिहिला त्यानं ते पान उघडून पाहिलं असतं तर आपल्या सगळ्यांची रात्र वाचली असती.

टेकओनची तर गरजच नव्हती. ज्याच्याकडे फुल कंट्रोल, म्हणजे सगळे हक्क, आहे त्याला परवानगी बदलायला मालक व्हावं लागत नाही. मालकी एकदा बदलली की कोणती फाईल कुणाची होती ते गेलं. आयकॅकल्सच्या /सेव्हमध्ये परवानग्या साठतात, मालकाचं नाव साठत नाही. डिस्क कोटा, म्हणजे कुणी किती जागा वापरायची ती मर्यादा, मालकाच्या नावावर मोजला जात असेल तर तोही हिशेब फिरला.

/रीसेट म्हणजे अन्डू, हा भ्रम कुठून आला कोण जाणे. ते तुमची आधीची स्थिती परत आणत नाही. थेट दिलेल्या सगळ्या परवानग्या पुसून वरच्या फोल्डरच्या परवानग्या लावतं. पगाराचं फोल्डर मुद्दाम वेगळं करून बंद ठेवलं असेल, तर ते वरच्यासारखं उघडं होतं. परतीची वाट हवी असेल तर आधी /सेव्ह आणि /टी (म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डर-फाईलींसकट), नंतर लागल्यास /रिस्टोअर.

/सी आणि /क्यू चुका लपवत नाहीत. /सी चूक आली तरी पुढे जातं, /क्यू फक्त यशाचे संदेश गाळतं. आणि चुका लपवायच्या कशाला? काम कुठं झालं नाही ते तिथंच तर कळतं. रीस्टार्टही नको. परवानगी फाईल उघडताना तपासली जाते, त्यामुळे आधीच उघडून बसलेल्याला लगेच धक्का लागत नाही, एवढं खरं. माणसाला ग्रुपमधून काढलं तर मात्र त्यानं पुन्हा लॉगिन करावं लागतं.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजानं. पन्नास-साठ फोल्डर असतील तर प्रॉपर्टीजच्या खिडक्या उघडत बसण्यापेक्षा कमांड लाइन बरी, हे त्या फॉरवर्डचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून भावाला हे सांगितलं: आधी /सेव्ह. मग /फाइंडसिड आणि /टी लावून तो ग्रुप कुठे कुठे नोंदलाय ते पाहा. मग यादीतल्या फोल्डरांवर फॉर लूपनं, म्हणजे तीच कमांड एकेका फोल्डरवर फिरवून, दिलेली परवानगी काढणारं /रिमूव्ह:जी, सोबत /टी. बॅच फाईलमध्ये, म्हणजे कमांडा लिहून ठेवायच्या फाईलमध्ये, टाकणार असशील तर लूपच्या अक्षराआधी टक्क्याची दोन चिन्हं दे, एकानं चालत नाही.

आणि यशस्वी झाल्याचा आकडा पाहून झोपायला जाऊ नकोस. परवानगी वरून उतरलेली असेल तर /रिमूव्ह तिला हातही लावत नाही, तरी शेवटी यशस्वीच म्हणतं. फोल्डरवर नुसतं आयकॅकल्स चालवलं की अशा परवानगीपुढे कंसात आय हे अक्षर दिसतं. ती उगमावरच, वरच्या फोल्डरवरून काढायची. वर ठेवायची असेल आणि खाली नको असेल, तर त्याच एका फोल्डरवर, /टी न लावता, /इनहेरिटन्स:डी. त्यानं वरून उतरणं थांबतं आणि उतरलेल्या परवानग्यांच्या थेट प्रती तयार होतात, मग /रिमूव्ह:जी. तिथं डीऐवजी आर लिहिलंस तर उतरलेलं सगळंच जाईल.

साडेबाराला त्याचा मेसेज आला, "दादा, तीन फोल्डरांवर अजून दिसतोय, कंसात आय आहे."