‘साचा’ या शब्दाविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पुणे-नाशिककडच्या बेसॉल्टमधील पोकळ्यांत स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट हे झिओलाइट (सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या सच्छिद्र जाळीचे स्फटिक) कोणत्याही सेंद्रिय रेणूवाचून तयार झाले. मग झिओलाइट घडवायला असा रेणू, ज्याच्याभोवती जाळी घडते असा ‘साचा’ म्हणून, लागतोच, हे माझे विधान चुकीचे असून हे रेणू म्हणजे निव्वळ उधळपट्टी आहे, असा आपला आक्षेप आहे. त्यातला पहिला भाग मला मान्य आहे. ‘लागतोच’ हे मी लिहायला नको होते आणि ‘साचा’ हा शब्दही सैल होता, कारण एएलपीओ-५ हा झिओलाइटसारखाच सच्छिद्र असलेला ॲल्युमिनियम फॉस्फेटचा एकच पदार्थ वीसहून अधिक निरनिराळ्या रेणूंच्या संगतीत तयार होतो; साच्याचे असे नसते.

उधळपट्टीचा मुद्दा मात्र पटत नाही. जाळीत शिरणारा प्रत्येक ॲल्युमिनियम एक ऋणभार आणतो. त्याची भरपाई सोडियम किंवा कॅल्शियमने केली, तर हे आयन लहान असल्यामुळे पोकळ्यांत पुष्कळ मावतात. म्हणूनच स्टिल्बाइटमध्ये एका ॲल्युमिनियममागे सिलिकॉन साधारण तीनच असतात. आता झेडएसएम-५ हा कृत्रिम झिओलाइट पाहा, ज्याचे पेटंट मोबिल कंपनीला १९७२ साली मिळाले. त्यात टेट्राप्रोपिल अमोनियम या चार हातांच्या, मोठ्या, धनभारित सेंद्रिय आयनाचा नायट्रोजन वाहिन्यांच्या चौकात बसतो, त्याचे दोन हात सरळ वाहिनीत आणि दोन नागमोडी वाहिनीत पसरतात. एका एकक कोषात (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानात लहान तुकड्यात) सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या जागा ९६, पण चौक चारच. म्हणजे केवळ याच आयनांवर भागवायचे, तर ॲल्युमिनियम चार आणि सिलिकॉन ९२, प्रमाण २३ ला १. उष्णता आणि वाफ सोसणारी जाळी हवी, तर ॲल्युमिनियम असा कमीच लागतो.

खरे तर आपल्या बाजूचा याहून चांगला पुरावा अंटार्क्टिकात आहे: तिथे सापडलेले म्युटिनाइट हे झेडएसएम-५ च्याच रचनेचे खनिज आहे. पण त्यातही हे प्रमाण आठच्या आतच राहते. प्रयोगशाळेत सेंद्रिय रेणूशिवाय, सोडियम आणि बीजस्फटिक वापरून झेडएसएम-५ करता येतो, मात्र प्रमाणाची मुभा आक्रसते.

खर्चाबद्दल आपण म्हणता ते खोटे नाही. सुमारे ०.५५ नॅनोमीटरच्या वाहिनीतून तो रेणू अखंड बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे स्फटिक साधारण ५५० अंश सेल्सिअसला तापवून महागडा रेणू जाळूनच टाकावा लागतो. मूळ लेखात हे वाक्य जोडले आहे आणि ‘साचा’ ऐवजी ‘रचनादिग्दर्शक रेणू’ असा, काहीसा अवजड, बदल केला आहे.