‘मेडिकला काय, मागे बसून पट्ट्या बांधायच्या!’

लष्करातल्या मेडिकबद्दलचा, म्हणजे जखमींवर पहिले उपचार करणाऱ्या जवानाबद्दलचा, एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. त्याचं सार असं: युद्धात सगळ्यात सुखाची नोकरी मेडिकची. तो आघाडीपासून लांब असतो. दंडावर रेड क्रॉस असल्यामुळे त्याच्यावर कुणी गोळी झाडत नाही. कायद्यानं त्याला हत्यार बाळगता येत नाही. जखमी आला की गोळी काढायची, टाके घालायचे. जखमी नसेल तेव्हा आराम. आणि जाता जाता एक सल्ला: रक्त कितीही वाहिलं तरी जखमेच्या वर पट्टा आवळू नका, हात-पाय कापावा लागतो.

यातलं एकही वाक्य धड नाही. शेवटचं तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

आधी ‘लांब असतो’चं बघू. लांब असतं ते हॉस्पिटल. मेडिक तुकडीबरोबर चालतो आणि जखमी जिथे पडला तिथे पोचतो. पलटणीच्या डॉक्टरचा एड पोस्ट, म्हणजे प्रथमोपचाराचा तळसुद्धा, तोफांच्या माऱ्यातच येतो. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक दोनदा मिळवणारे आजवर तिघेच झाले आणि त्यांतले दोघे, आर्थर मार्टिन-लीक आणि नोएल चॅव्हास, लष्करी डॉक्टर होते. 31 जुलै 1917 ला बेल्जियममधल्या यप्रच्या लढाईत डोक्याला जखम झाली तरी चॅव्हास मागे गेला नाही, जखमींना आणत राहिला आणि 4 ऑगस्टला वारला. त्याच लढाईच्या चिखलात, जिथे एरवी दोघे-चौघे पुरतात, तिथे एक स्ट्रेचर उचलायला सहा-आठ जण लागत होते आणि एका खेपेत कित्येक तास जायचे. हे सुख!

रेड क्रॉसवर गोळी झाडू नये हे खरं. 1864 च्या जीनिव्हा करारापासून तसा नियमच आहे. पण नियम पाळायचा समोरच्यानं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकन मेडिकांनी ती खूण झाकून टाकली, कारण नेम तिच्यावरच धरला जात होता. आणि दोन-तीन मैलांवरून सुटलेल्या तोफगोळ्याला दंडावरची पट्टी थोडीच दिसते?

हत्याराचं तर सरळ उलट आहे. 1949 च्या पहिल्या जीनिव्हा करारातलं कलम 22 सांगतं की वैद्यकीय पथकातल्या लोकांनी स्वतःच्या आणि आपल्या ताब्यातल्या जखमींच्या बचावासाठी हत्यार वापरलं तरी त्यांचं संरक्षण जात नाही. 1945 मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावर डेस्मंड डॉस या अमेरिकन मेडिकनं बंदुकीला हात न लावता कित्येकांना कड्यावरून खाली उतरवलं. ती त्याची धर्मश्रद्धा होती, लष्कराचा नियम नव्हे.

आता गोळी काढण्याचं. हे सिनेमानं डोक्यात भरवलंय: चिमटा, दातात धरलेलं फडकं, आणि ताटलीत टण्‌कन पडणारी गोळी. आघाडीवर गोळी कुणी काढत बसत नाही. आत असलेली गोळी तासाभरात जीव घेत नाही, रक्तस्राव घेतो. म्हणून आधी रक्त थांबवायचं, मग श्वास बघायचा, छातीला भोक असेल तर ते हवाबंद करायचं आणि जखमीला गुंडाळून ऊब द्यायची. भर उन्हाळ्यातही ऊब द्यायची, कारण अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही. मग चिठ्ठीवर सगळं लिहायचं आणि मागे धाडायचं. टाके तर नकोच. पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सच्या शेणखत घातलेल्या शेतांतली माती जखमांत गेली. वरून शिवून बंद केलेल्या जखमा आतून गॅस गँग्रीननं, म्हणजे मातीतल्या जंतूंच्या संसर्गानं, सडल्या. तेव्हापासून धडा एकच: मेलेला भाग कापून काढा, जखम उघडी ठेवा, टाके काही दिवसांनी.

खरं तर मेडिकचा जास्त संबंध येतो तो गिळायच्या गोळीशी. ‘जखमी नसेल तेव्हा आराम’ लिहिणाऱ्याला हे ठाऊकच नाही. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यानं नोंदवलंय की 1943 मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एका जखमीमागे 120 आजारी मागे पाठवावे लागत होते. मलेरिया, हगवण, त्वचेचे रोग. मलेरिया टाळायला मेपाक्रिनची गोळी रोज घ्यायची, तर जवान टाळायचे, कारण अंग पिवळं पडायचं आणि पुरुषत्व जातं अशी अफवा होती (फॉरवर्ड तेव्हाही होते, फक्त तोंडी). म्हणून रांगेत उभं करायचं, डोळ्यांदेखत गिळायला लावायची, वर तोंड उघडून दाखवायला सांगायचं. स्लिम अचानक रक्ततपासणी करवायचा. गोळी घेणारे 95 टक्क्यांच्या खाली निघाले की त्या तुकडीचा कमांडिंग ऑफिसर घरी. तिघांना काढल्यावर बाकीचे समजले.

शिवाय पाय. 1914-15 च्या हिवाळ्यात पाणी भरलेल्या खंदकांत उभं राहून हजारोंचे पाय सुजले, काळे पडले. पुढे रोज बूट काढून तपासणी, कोरडे मोजे, आणि देवमाशाचं तेल चोळणं हे कवायतीसारखं झालं. जवान जोडीनं एकमेकांचे पाय चोळायचे. पाण्यात क्लोरीन टाकलं का, संडासचे चर पाण्यापासून पुरेसे लांब खणले का, माश्या बसतात का, हेही बघायचं. यात शौर्यपदक नसतं, म्हणून गोष्टही नसते.

राहिला पट्टा, म्हणजे टूर्निकेट. सर्पदंशात पट्टा आवळू नये हा सल्ला बरोबर आहे. मला वाटतं तोच कुणीतरी इथे चिकटवलाय. हाता-पायातून रक्ताची धार लागली असेल तर गणित वेगळं. 2006 मध्ये बगदादच्या लष्करी हॉस्पिटलात टूर्निकेट लावलेल्या 232 जखमींची पाहणी झाली. टूर्निकेटमुळे एकाचाही हात किंवा पाय गेला नाही. शॉकमध्ये जाण्याआधी (म्हणजे रक्त कमी होऊन रक्ताभिसरण कोसळण्याआधी) तो लागला त्यांच्यातले 90 टक्के वाचले, नंतर लागला त्यांच्यातले 10 टक्के. दोनेक तासांपर्यंत अवयवाला सहसा धोका नसतो. म्हणूनच मेडिक जखमेच्या वर, सांधा सोडून, रक्त थांबेपर्यंत आवळतो, मध्ये सैल करून बघत बसत नाही, आणि लगेच मार्करनं पट्ट्यावर किंवा जखमीच्या कपाळावर वेळ लिहितो, म्हणजे पुढच्या डॉक्टरला विचारावं लागत नाही.