बागेच्या अंदाजपत्रकात झाडांची ओळ शेवटी का असते?

जुळे सोलापूर, सैफुल, शेळगी, बाळे, होटगी रोड. सोलापूर शहर जिकडे वाढतंय तिकडे प्रत्येक लेआउटमध्ये एक खुली जागा असते. तारेचं कुंपण, वेड्या बाभळी, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी बांधकामाचा राडारोडा. मग कधीतरी निधी येतो आणि तिची बाग होते. आधी कमान उभी राहते, नंतर पेव्हर, ओपन जिम, कारंजं, 'आय लव्ह' वाली पाटी. उरलेल्या पैशात झाडं. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा हवा. सोलापूरच्या बागेत माणूस पहिल्यांदा सावली शोधतो. सावलीला पाणी आणि निदान चार-पाच वर्षं लागतात. कमान काय, कधीही उभी करता येते (नाही केली तरी कुणाचं अडत नाही).

म्हणून सुरुवात पाण्याच्या हिशोबाने. २० गुंठ्यांची जागा धरू, म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर, ढोबळमानाने ४५ बाय ४५. यातल्या ५ गुंठ्यांवर लॉन केलं तर उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ५ लिटर तरी पाणी पाहिजे. ५०० चौरस मीटरला रोज २,५०० लिटर, आठवड्याला १७,५००. त्याच बागेत ३५ झाडं लावली आणि आठवड्यातून दोनदा प्रत्येकी २० लिटर दिलं, तर आठवड्याला १,४०० लिटरमध्ये भागतं. शिवाय तीनेक वर्षांत मुळं खाली गेली की झाडाची मागणी कमी होते. लॉनची होत नाही. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि उजनी धरणाच्या टक्केवारीवर टपरीवर तावातावाने चर्चा होते, तिथे हिरव्या गालिच्याचा हट्ट फोटोपुरताच. मुलांना लोळायला हवं असेल तर शंभर चौरस मीटरचा एक तुकडा करा, तोही जिथे संध्याकाळी सावली येते तिथे.

"बोअर आहे की" हे उत्तर हमखास येतं. त्या बोअरची चाचणी एप्रिलमध्ये घ्या. ऑक्टोबरात सगळेच बोअर दानशूर असतात. पाणी किती येतं याबरोबर ते किती जड आहे हेही तपासून घ्या, कारण पुढचं ठिबक त्यावर अवलंबून आहे. जड पाण्याने ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा खडू साचतो, थेंब बारीक होत जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत बंद पडतो. नळी वरून ठणठणीत दिसते, झाड मात्र वाळत असतं. माळ्याला वाटतं ठिबक चालू आहे. यासाठी चाळणीचा फिल्टर दर आठवड्याला धुणं, नळीचं शेवटचं टोक उघडून पाणी सोडणं आणि बंद पडलेले ड्रिपर बदलायला ५० नगांची एक पिशवी कायम जवळ असणं, एवढं पुरतं. पण हे काम कुणाच्या नावावर लिहिलेलं असावं लागतं.

ठिबकात आणखी एक गोची होते. विजेचं कनेक्शन नाही म्हणून हजार लिटरची टाकी दोन मीटरच्या स्टँडवर ठेवतात आणि ताशी ४ लिटरचे ड्रिपर लावतात. तो ४ लिटरचा आकडा १ किलो दाबाला असतो. दोन मीटर उंचीवरून मिळतो ०.२ किलो, म्हणजे ड्रिपर निम्म्याहूनही कमी चालतो. झाडाला दोन ड्रिपर असतील तर २० लिटर जायला अडीच तास लागायचे तिथे साडेपाच तास लागतात. त्यात काही वाईट नाही, फक्त कॉक अडीच तासांत बंद करू नका. आणि पहिल्या वर्षानंतर ड्रिपर खोडापासून दीड-दोन फूट बाहेर सरकवा. बुंध्याशीच पाणी मिळत राहिलं तर मुळं तिथेच गुंता करून बसतात आणि वळवाच्या वाऱ्यात झाड आडवं होतं.

आता माती. आपल्याकडे एकाच वॉर्डात दोन प्रकार सापडतात. कुठे फूटभर मातीखाली लगेच मुरूम आणि काळा पाषाण, कुठे माणूसभर खोल काळी माती. आराखडा काढण्याआधी जागेच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये मिळून पाच खड्डे मीटरभर खोल घ्या. दोन मजुरांचं एका दिवसाचं काम आहे, पण पुढचे निम्मे घोळ टळतात. मुरूम लागला तर झाडासाठी १ बाय १ बाय १ मीटरचा खड्डा हवाच, त्यात दोन भाग माती आणि एक भाग कुजलेलं शेणखत. काळी माती असेल तर त्यातला एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम, आणि खड्ड्याच्या भिंती कुदळीने खरवडून घ्या. जेसीबीच्या बकेटने काळ्या मातीची भिंत गुळगुळीत घोटली जाते, सप्टेंबरच्या पावसात खड्ड्याची टाकी होते आणि रोप मुळाशी कुजतं. लोक म्हणतात पाणी कमी पडलं. प्रत्यक्षात जास्त झालेलं असतं.

सप्टेंबरचं नाव मुद्दाम घेतलं. सोलापुरात पावसाचा सर्वात मोठा महिना सप्टेंबर. जूनमध्ये मंत्रीमहोदयांच्या हस्ते लावलेली रोपं जुलै-ऑगस्टच्या ओढीत माना टाकतात. पाण्याची खात्री असेल तर जुलैत लावा. टँकरच्या भरवशावर असाल तर ऑगस्टच्या शेवटी लावा, म्हणजे सप्टेंबरचा पाऊस आणि पाठोपाठ हिवाळा मिळतो. खड्डे मात्र एप्रिल-मेमध्येच खणून उन्हात तापू द्यावेत. सर्वात वाईट महिना मार्च. आणि नेमकी तेव्हाच जास्त लागवड होते, कारण ३१ मार्चच्या आत निधी खर्ची पडला पाहिजे. एप्रिलमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि बिलात असलेली झाडं जमिनीवर सापडत नाहीत.

कुठली झाडं, यावर वाद घालायला मला आवडतं. कडुनिंब, करंज, चिंच ही आपली तिन्ही भरवशाची. कडुनिंबाला मार्च-एप्रिलमध्ये नवी पालवी येते आणि मे महिन्यात तो गच्च असतो, म्हणजे सावली हवी तेव्हाच देतो. बहावा देखणा, लावा दोन-चार, पण तो ऐन उन्हाळ्यात पानं झाडून फुलतो. बाकड्यावर त्याची सावली धरू नका. गुलमोहराची मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, वळवात पहिली फांदी त्याची मोडते. वड एखादाच, मोकळ्या कोपऱ्यात. वड-पिंपळ भिंतीपासून आणि पाइपलाइनपासून निदान १० मीटर लांब. बॉटल पाम म्हणजे खांबाला पानं. कोनोकार्पस झटपट हिरवा होतो म्हणून ठेकेदारांचा लाडका आहे. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आपण कशाची वाट बघतोय?

जागा ठरवताना ऊन बघा. मेच्या मध्यात सोलापुरात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या वेळी भिंतीची सावली मिळत नाही, फक्त वरच्या फांदीची मिळते. संध्याकाळी पाच ते सात, बागेच्या खऱ्या गर्दीच्या वेळी, ऊन पश्चिमेकडून तिरकं येतं. म्हणून मोठी झाडं पश्चिमेला, आणि बाकडी त्यांच्या पूर्वेला. बाकड्याला पाठ हवी, हात टेकायला दांडा हवा, बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दांड्याशिवाय उठता येत नाही. आपल्याकडच्या सिमेंटच्या बाकड्यांवर 'यांच्या सौजन्याने' हे नाव इतकं मोठं असतं की पाठ टेकायचा विचार करायला जागा उरत नसावी.

चालायच्या वाटेवर सगळ्यात जास्त पैसे मातीत जातात, अक्षरशः. ४५ बाय ४५ च्या जागेत कुंपणापासून दीड मीटर सोडून २ मीटर रुंद वाट केली तर मधल्या रेषेवर एक फेरी १६० मीटरची होते आणि क्षेत्र भरतं ३२० चौरस मीटर. काळ्या मातीवर नुसती वाळू पसरून पेव्हर बसवले की पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि दोन वर्षांत ब्लॉक वर-खाली होतात. एका ब्लॉकची कड बोटभर वर आली की म्हाताऱ्या माणसाचं पाऊल तिथेच अडकतं. करायचेच असतील तर ४५ सेंटिमीटर काळी माती काढा, ३० सेंटिमीटर मुरूम १५-१५ च्या दोन थरांत पाणी मारून रोलरने दाबा, त्यावर खडीचा थर, मग दोन बोटं वाळू आणि ६० मिलिमीटरचा ब्लॉक. दोन्ही बाजूंना काँक्रीटमध्ये बसवलेला कर्ब, नाहीतर कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात आणि सगळी ओळ सैल होते. नुसत्या मुरुमाचाच हिशोब बघा. ३२० चौरस मीटरला ३० सेंटिमीटर म्हणजे ९६ घनमीटर, सुमारे ३४ ब्रास, दाबल्यावरचे. गाडीतून सैल येतो तो पावपट जास्त धरा. अंदाजपत्रकात मुरूम १५ ब्रास दिसला तर काय होणार ते कळलंच.

माझी पसंती मात्र दाबलेल्या मुरुमाच्या वाटेला. मे महिन्यात पेव्हरसारखी तापत नाही, गुडघ्याला बरी, पाणी जिरवते. तिचे दोष आहेत. उन्हाळ्यात धूळ उडते, शिंपण लागतं, पावसाळ्यानंतर एकदा मुरूम टाकून रोलर फिरवावा लागतो. गेटपासून पहिल्या सावलीच्या बाकड्यांपर्यंतचा तुकडा पेव्हरचा करा, व्हीलचेअर आणि काठीवाल्यांसाठी. वाटेला मधून कडेकडे १ मीटरला २ सेंटिमीटर उतार दोन्ही प्रकारांत हवाच.

उताराचा विषय निघालाच आहे तर, बागेची पातळी आणि बाहेरच्या रस्त्याची पातळी पाण्याच्या नळीने मोजून घ्या. प्रत्येक डांबरीकरणाबरोबर रस्ता वर चढतो, बाग खाली राहते आणि गल्लीचं गटाराचं पाणी गेटमधून आत येतं.

खेळण्यांबद्दल थोडक्यात. झोक्याच्या आडव्या दांड्याची उंची २.४ मीटर असेल तर पुढे आणि मागे प्रत्येकी सुमारे ५ मीटर मोकळी जागा लागते. आपल्याकडे झोका आणि घसरगुंडी शेजारीशेजारी असतात, पोरगं घसरगुंडीवरून उतरतं ते थेट झोक्यासमोर. पत्र्याच्या घसरगुंडीचं तोंड उत्तरेला ठेवा. खाली रबरी टाइल घालण्यापेक्षा ३० सेंटिमीटर वाळू बरी, टाइल उन्हात चटका देते. ४० चौरस मीटरला सव्वाचार ब्रास वाळू होते. ती दर आठवड्याला दाताळ्याने हलवावी लागते, नाहीतर दगडासारखी बसते आणि मांजरांची सोय होते. ओपन जिमचं दुखणं बेअरिंग. वर्षातून दोनदा ग्रीस मिळालं तर चालतं, नाही मिळालं तर किरकिरतं आणि एक दिवस निखळतं.

कुंपण म्हणून सहा फुटी भिंत नको. दोन फूट भिंत आणि वर जाळी, म्हणजे रस्त्यावरून आतलं आणि आतून रस्त्यावरचं दिसतं. संध्याकाळी सातनंतर बायका थांबतील की नाही, हे याच्यावर ठरतं. हायमास्टच्या एका दिव्याने झाडाखाली उलट गडद अंधार पडतो. त्यापेक्षा ४ मीटरचे खांब, १२-१५ मीटरवर एक, आणि फांद्यांच्या खाली. प्रत्येक खांबाला अर्थिंग, फीडरला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). पावसात लोखंडी खांबाला मुलं हात लावतात, इथे काटकसर करू नये.

आणि दुपारचं कुलूप. बागा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या, मधे बंद. विजापूर रोडच्या बंगल्यांना ते चालेल. अशोक चौक, नीलम नगर, विडी घरकुल भागात पत्र्याची घरं आहेत, दुपारी आत थांबवत नाही. रात्रपाळी करून आलेल्या कारखान्यातल्या कामगाराला, घरी विड्या वळणाऱ्या बाईला, दुपारी बारा ते चारच बाग हवी असते. त्या भागात आधी झाडं लावा आणि कुलूप काढा, बाकी काही केलं नाही तरी चालेल.

आराखडा करताना मोजणी करा: एक साधा दिवस आणि एक रविवार, सकाळी सहा ते आठ, दुपारी एक ते तीन, संध्याकाळी पाच ते आठ. कोण येतं, कुठे बसतं, कुठून आत शिरतं. जिथे गवत दाबून पायवाट पडलीय तिथेच वाट आखा. त्याआधी जागा महापालिकेच्या नावावर आहे का ते मालमत्ता पत्रकात बघा. नसेल तर मंजुरीच्या टेबलावर फाईल वर्षभर झोपते.

शेवटी निविदा. बांधकामाबरोबरच तीन वर्षांची देखभाल त्याच ठेक्यात हवी, झाडांच्या रकमेतले निदान चाळीस टक्के मागे ठेवलेले, आणि ते दर तीन महिन्यांनी जिवंत झाडं मोजून द्यायचे. मोजणीला वसाहतीतली दोन माणसं सोबत. मेलेल्या झाडाच्या जागी नवं झाड त्याच जातीचं आणि सहा फुटांहून कमी नसलेलं, ठेकेदाराच्या खर्चाने. तिसऱ्या वर्षी लोखंडी ट्री गार्ड कापून काढायची ओळसुद्धा लिहून घ्या. ती राहून जाते आणि पिंजरा सालीत रुततो.

तुमच्या वॉर्डातल्या बागेचं अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागता येतं. हातात आलं की कमानीची रक्कम आणि झाडं अधिक तीन वर्षांचं पाणी यांची रक्कम शेजारीशेजारी लिहा आणि तो कागद घेऊन झोन कार्यालयात जा. निविदा निघायच्या आत. नंतर गेलात तर चहा मिळेल, बदल मिळणार नाही.